जाळी आडवी करणेबाबत

पपया नर्सरीच्या पुढं, पावसाळी गटारावर,
लोखंडी जाळी बसवलीय.
तिच्या फटी रस्त्याच्याच दिशेला धावतात,
म्हणजे माझ्याच दिशेला.
मोटारीला त्याचं काही नाही.
सायकलचं चाक मात्र अलगद आत उतरतं,
ओळखीच्या घरात शिरल्यासारखं.

जुलैत मी तिथं पडले. पहिली पाळी, पावणेसात.
हनुवटीला तीन टाके,
डब्यातली मटकी रस्ताभर.
रिक्षावाला म्हणाला, ताई, कडेनं चालवावी की.
कडेनंच चालवत होते, दादा.
जाळी कडेलाच असते.

अंबडला कारखान्यात मी माल तपासते.
बुश, वॉशर, शाफ्ट.
केसभर इकडंतिकडं झालं तरी लाल खूण.
एका रविवारी सुपरवायझरला सांगून
व्हर्निअर पिशवीत घालून आणला
आणि बसले रस्त्यात उकिडवी.
फट : बेचाळीस पूर्णांक सहा मिलिमीटर.
टायर : पस्तीस पूर्णांक दोन.
रिजेक्ट,
तोंडातून निघूनच गेलं.

मग अर्ज.
महोदय, वेगळा ट्रॅक मागत नाही,
हिरवा पट्टा मागत नाही.
जाळी उचलून काटकोनात फिरवावी, इतकंच.
जाळी चौरस आहे. चारी बाजू मोजल्या आहेत.
फिरवली तरी बसेल.
दोन माणसं, एक पहार, अर्धा तास.

निळा शिक्का बसला, आवक क्रमांक पडला.
सातपूर विभागीय कार्यालय म्हणालं, हे बांधकामचं.
बांधकाम म्हणालं, गटार योजनेकडं जा.
गटार योजना म्हणाली, रस्ता आमचा कुठाय?
ज्यांचा रस्ता, त्यांच्याकडं पंखा चालू होता
आणि खुर्ची रिकामी.
सगळीकडं सायकलवरच गेले.
एका कचेरीत तर लावायला जागा नव्हती म्हणून
'येथे वाहने लावू नयेत' त्या पाटीलाच साखळी घातली.

सह्या गोळा केल्या. त्रेसष्ट, आणि चार अंगठे.
दूध घालणारे बेंडकुळे.
रात्रपाळीचे वॉचमन निवृत्ती आहेर.
शाळेतली झाकिया, तिनं सही तीनदा खोडली.
वेणूबाई कडाळे, बावन्नाव्या वर्षी शिकल्या सायकल,
चार घरची धुणी आता तीन तासांत उरकतात.

प्रभाग सभेत एक साहेब खूश होऊन म्हणाले,
वा, आपण सायकलप्रेमी!
रविवारच्या रॅलीला या, टी-शर्ट देतो.
प्रेमाचं कुणी आजवर विचारलं नव्हतं.
रिक्षाचे रोजचे चाळीस वाचतात, साहेब,
म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

सभेनंतर जिन्यात एक पोरगी भेटली,
कनिष्ठ अभियंता, नवीनच लागलेली,
हर्षदा खैरनार. म्हणाली, जागा दाखवता?
तिथं पोहोचल्यावर माझीच सायकल मागून घेतली.
वीस पावलं चालवली.
मागून बसनं हॉर्न दिला, ती कडेला सरली,
जाळी दिसली,
आणि दोन्ही ब्रेक दाबून तिनं पाय टेकला.
बोलली काहीच नाही.
तळहातावर पेनानं एक आकडा लिहिला.

दिवाळीनंतरच्या सोमवारी बघते तर
जाळी आडवी.
कडेचं सिमेंट अजून ओलं,
त्यात कुण्या कुत्र्याचा पाय उमटलेला.
मी उतरले नाही. वरूनच गेले,
कडकडकडकड,
दात वाजले, हँडल हललं नाही.
परत वळून पुन्हा एकदा गेले.
कामावर चार मिनिटं उशीर. लावू देत.

आयटीआय सिग्नलपर्यंत अजून सदतीस आहेत.
मोजल्यात, क्रमांक घातलेत खडूनं,
पाण्याच्या टँकरनं अर्धे धुऊन नेले.
खैरनार मॅडमची बदली पंचवटीला झाली म्हणतात.
जेवणाच्या सुट्टीत, तपासणी तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर
तिसरं स्मरणपत्र लिहितेय.
संदर्भ या रकान्यात या वेळी
आवक क्रमांकाच्या आधी लिहिलंय :
एक जाळी, फिरवलेली.
बसली.